भिंतीवरची शिंगं

२०१५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने हरणाच्या शिकाऱ्यांवरची एक जुनी सक्ती उठवली, आणि तिच्याबरोबर त्यांच्यातल्या पुष्कळांचं बारमध्ये जायचं सरकारमान्य कारणही गेलं. तोवर मारलेलं हरीण प्रत्यक्ष घेऊन नोंदणी केंद्रावर जावं लागे. हे केंद्र म्हणजे सरकारी कचेरी नव्हे. पेट्रोल पंप, किराणा दुकान, मासेमारीचं सामान विकणारं दुकान, आणि उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांत बऱ्याचदा रस्त्याकडेची टॅव्हर्न. आपल्याकडे परवाना तपासायला सरकार बारमध्ये डोकावतं. तिथे सरकारने आपली नोंदवहीच काउंटरच्या टोकाला ठेवली होती. २०१५पासून ही नोंद फोनवर किंवा संगणकावर होऊ लागली. हरीण पाडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत चार आकडे दाबायचे, एक क्रमांक मिळतो, संपलं.

सोय झाली यात वाद नाही. बंदुकीचा मोसम असतो नऊ दिवसांचा, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारपासून. परवाने निघतात साडेपाच लाखांच्या आसपास. थंडीत, बर्फात, चिखलात वीस-तीस मैल गाडी हाणून बिल्ला लावून घ्यायला जाणं ही कटकटच होती, आणि ती गेल्याबद्दल बहुतेक शिकाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरीही तिथल्या शिकाऱ्यांचं बिअरशी, बारशी आणि अलीकडच्या रानाच्या सजावटीतल्या ब्रुअऱ्यांशी जे नातं आहे, ते समजून घ्यायला सुरुवात या गेलेल्या नोंदवहीपासूनच करावी लागते. कारण त्या वहीच्या काळात बार हे शिकारीच्या कामातलं एक ठिकाण होतं. आता ते शिकारीचं चित्र टांगायचं ठिकाण झालं आहे, आणि माझ्या मते शिकाऱ्यांच्या आजच्या तक्रारीचं मूळ नेमकं इथे आहे.

ते काम कसं चाले ते जरा जवळून पाहू. पिकअप ट्रक दारात लागतो. मागचं फळकूट खाली पडतं. आत पोट साफ केलेलं हरीण, जीभ एका बाजूला आलेली, केसांत सुकलेलं रक्त आणि पाचोळा. आतून कोणीतरी जॅकेट अंगात घालत बाहेर येतो, नर की मादी, मोठं की पाडस, कोणत्या तालुक्यात मारलं, हे लिहून घेतो आणि बिल्ला अडकवतो. काही केंद्रांवर वन्यजीव खात्याचा माणूस बसलेला असे. तो जबडा उघडून दाढांच्या झिजेवरून वय सांगे. दीड वर्षाचं, अडीच वर्षाचं. भोवती दहा-पंधरा जण हात खिशात घालून उभे. एखादा बाप पोराला उचलून दाखवतोय. वजनकाटा असला तर हरीण त्याला टांगलं जाई, आणि आत भिंतीवरच्या कागदावर नाव, वजन, शिंगांचे फाटे आणि त्यांची रुंदी चढे, कारण थोडी वर्गणी भरून सगळ्यात मोठ्या नराची पैज बहुतेक बारमध्ये लागलेलीच असे. मग ओले बूट दारात झटकून मंडळी आत जात. कोणी बिअर घेई, कोणी विस्कॉन्सिनची खास ब्रँडी ओल्ड फॅशन्ड. आणि वाद सुरू. खात्याने माद्यांचे परवाने जास्त दिले, लांडग्यांनी हरणं संपवली, शेजाऱ्याने कुंपणालगत मचाण बांधलं.

मिशिगनमध्ये या प्रकाराचा आणखी उघडा अवतार आहे. तिथे बंदुकीचा मोसम दरवर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो, वार कोणताही असो, आणि अनेक गावांत त्या दिवशी भर चौकात किंवा बारच्या अंगणात आडवी तुळई उभारून त्यावर मारलेले नर ओळीने टांगतात. त्याला तिथे बक पोल म्हणतात. लोक गरम कॉफीचे पेले घेऊन बघायला जमतात, जत्रेत जमावं तसे. बायकामुलं, म्हातारे, शिकार न करणारेही.

यातली एक गोष्ट नजरेतून सुटू नये. मेलेलं जनावर या सगळ्याच्या मधोमध होतं. ते बघून कोणाला मळमळलं तर मळमळलं. गावातल्या प्रत्येकाला, शिकार न करणाऱ्यालाही, वर्षातून नऊ दिवस हे दिसे की ताटातलं मांस कुठून येतं आणि ते आणणारा माणूस कोण आहे. तो शाळेत शिकवणारा, गॅरेज चालवणारा, कागद कारखान्यात पाळी करणारा. कोणी सरदार-दरकदार नव्हे.

आता दुसरी जागा. मिनिआपोलिस, डेन्व्हर, मिलवॉकी, कुठल्याही शहरात चला. जुन्या गोदामात उघडलेली ब्रुअरी, छताला उलटी टांगलेली होडी, गळून पडलेल्या शिंगांचं झुंबर, चौकड्यांच्या शर्टातले वाढपी. कोपऱ्यात ‘बिग बक हंटर’ नावाचं प्लास्टिकच्या बंदुकीने पडद्यावरची हरणं मारायचं यंत्र. हा खेळ २००० सालापासून अमेरिकेतल्या बारमध्ये आहे आणि त्याची जागतिक स्पर्धाही भरते. भिंतीवर स्वच्छ, पांढरीशुभ्र कवटी. रक्त नाही, केस नाहीत, वास नाही. चकण्याच्या यादीत व्हेनिसन, म्हणजे हरणाच्या मांसाचं, सॉसेज असतं. आणि तिथे बसलेल्या बहुतेकांनी आयुष्यात हरीण मारलेलं नसतं. २०१६च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरात शिकार करणारे होते सुमारे १ कोटी १५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या चार-पाच टक्के.

शिकाऱ्यांची कुरकुर अशी: ‘यांना आमची शिंगं हवीत, आम्ही नकोत.’ कॅमोफ्लाजचं जाकीट घालून आत शिरलं की लोक वळून बघतात, आणि भिंतीवरच्या मुंडक्याखाली सेल्फी काढणारी मंडळीच शिकारीचा विषय निघाला की तोंड वाकडं करतात. ही तक्रार अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्यात शिकाऱ्यांनी स्वतःकडेही बघायला हवं, कारण रानाचं चित्र विकायचा धंदा काही या नव्या पोरांनी सुरू केलेला नाही, आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक शिकारी स्वतःच होते.

बिअरवाल्यांना रान फार आधीपासून हवं होतं. सेंट पॉलच्या हॅम्स कंपनीने १९५०च्या दशकात जाहिरातींत काळंपांढरं अस्वल नाचवलं, आणि तिच्या दिव्याच्या पाट्यांवर तळी आणि होड्या सरकत राहिल्या. त्याच शहरातल्या श्मिट बिअरच्या डब्यांवर रानातल्या जनावरांची आणि शिकारीची चित्रं असत; लोक आजही ते डबे जमवतात. जर्मनीत तर १९३५ साली बाजारात आलेल्या दारूचं नावच यागरमाइस्टर, म्हणजे शिकाऱ्यांचा मुखिया. तिच्या बाटलीवर संत ह्यूबर्टसचा शिंगांमध्ये क्रूस असलेला सांबरासारखा नर आहे, आणि लेबलाच्या कडेने शिकाऱ्याने जनावराचा मान राखावा असं सांगणारी कविता छापलेली आहे. १९८०च्या दशकापासून अमेरिकन कॉलेजातल्या पोरांनी ही दारू बर्फासारखी थंड करून घशात ओतली. कडेची कविता त्यांच्यातल्या किती जणांनी वाचली असेल याचा अंदाज कोणीही करावा.

पुढे तर कमालच झाली. बुश ही बिअर शिकारीच्या मोसमात भडक केशरी डब्यांत निघते. हा केशरी रंग शिकाऱ्याच्या अंगावर असावा असा बहुतेक राज्यांत कायदा आहे, दुसऱ्याची गोळी आपल्याला लागू नये म्हणून. जीव वाचवायचा रंग बिअरच्या डब्यावर आला, आणि शिकाऱ्यांनी तो कौतुकाने विकत घेतला. तेव्हा कोणी म्हटलं नाही की आमचं काय चोरलं.

आणि ही चित्रं विकणारे आहेत कोण? मिशिगनच्या उत्तरेकडच्या नदीचं नाव आणि ट्राउट माशाचं चित्र मिरवणारी ‘टू हार्टेड’ बिअर काढणारी बेल्स कंपनी २०२१ साली जपानच्या किरिन समूहाच्या छत्राखाली गेली. न्यू बेल्जियम त्याआधीच, २०१९मध्ये, तिथेच गेली होती. चिपेवा फॉल्सची लाइननकुगेल म्हणजे उत्तर विस्कॉन्सिनच्या रानाची जणू घरची बिअर. १८६७पासूनची. ती १९८८मध्ये मिलरने घेतली, आणि आताच्या मालकांनी, मोल्सन कूर्सने, जानेवारी २०२५मध्ये तिथली मुख्य भट्टीच बंद केली. नाव चालू, बिअर चालू, फक्त ती आता मुख्यतः त्या गावाबाहेर बनते. स्थानिक ब्रुअरीशी निष्ठा ठेवायची म्हणणाऱ्या शिकाऱ्याला आधी स्थानिक ब्रुअरी कुठली हे शोधावं लागतं.

मग शिकाऱ्याला खुपतं ते नेमकं काय? इथे मला कोल्हापूरचा नवा राजवाडा आठवतो. तिथल्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ-बिबटे आहेत, शिकारीचे फोटो आहेत. बघणारा दबकून बघतो. ती शिकार राजाची आणि त्याच्या पाहुण्यांची. हाकारे उठवणाऱ्या रयतेचं त्या भिंतीवर नाव नाही, आणि जनावरावर हक्क तर नव्हताच. युरोपातही शिकार फार काळ जमीनमालकाच्या मर्जीची होती. अमेरिकेने यातून वेगळी वाट काढली. रानातलं जनावर कोणा एकाचं नाही, सगळ्यांचं. राज्य त्याचं विश्वस्त. म्हणून तिथल्या सुताराने मारलेल्या नराचं मुंडकं राजवाड्यात नाही, तो जिथे बसतो त्या बारमध्ये गेलं. बारची ती भिंत हा सामान्य माणसाचा राजवाडा होता. हे लक्षात घेतलं की नव्या बारमधली विकत आणलेली, कोणी, कधी, कुठे मारली याचा पत्ता नसलेली शिंगं शिकाऱ्याला का खुपतात ते कळतं. भिंतीवरून नावाचा कागद गेला आहे. आपल्याकडे १९७२च्या कायद्यापासून शिकारच बंद होत गेली, त्यामुळे आपल्या भिंतीवरचं सगळं भूतकाळातलं आहे. तिथे ती चालू आहे, आणि तरीही भिंत भूतकाळासारखी सजवली जाते. हे विचित्र आहे.

याच कल्पनेची दुसरी बाजू बारच्या स्वयंपाकघरात दिसते. जनावर सगळ्यांचं, म्हणून ते विकता येत नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी शिकार करणाऱ्यांनी पॅसेंजर पिजन संपवला. शेवटची मादी १९१४मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. बायसन आणि हरणंही जवळजवळ संपली. १९००च्या लेसी कायद्यापासून पुढे हा बाजार मोडत गेला. आज शिकाऱ्याने रानात मारलेल्या हरणाचं मांस कोणताही बार विकू शकत नाही. व्हेनिसन सॉसेजमधलं हरीण पाळीव असतं, पुष्कळदा न्यूझीलंडहून गोठवून आलेलं. म्हणजे शिकारीच्या थाटाने सजलेल्या बारला शिकाऱ्याकडून सगळं घेता येतं, फक्त त्याने आणलेलं अन्न नाही. ते वाटता येतं. मोसमानंतर उत्तरेकडच्या टॅव्हर्नमध्ये शिकारीच्या मांसाची जेवणं होतात, अनेक राज्यांत त्यालाही नियम आहेत, पण तत्त्व एकच, मांस देणगीचं. ज्या बारला शिकाऱ्यांशी नातं हवं आहे त्याने झुंबराऐवजी अशा एका जेवणावर खर्च करावा असं मला वाटतं. मोठ्या पातेल्यातली चिली आणि ती कोणाच्या हरणाची हे सांगणारा माणूस शेजारी उभा. शहरातल्या गिऱ्हाइकाला दोन घास खाऊन पाहू दे, न खायचं तर न खाऊ दे.

पैशाचा हिशेबही मांडायला हवा, कारण शिकाऱ्यांचं सगळ्यात बळकट म्हणणं तिथे आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर बसतो (पिस्तुलांवर १० टक्के), आणि तो थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. बदकं मारायची तर १९३४पासून केंद्राचं बदकांचं तिकीट घ्यावं लागतं. आज ते २५ डॉलरचं आहे आणि त्यातून दलदली विकत घेतल्या जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लाखांवर आलेली पांढऱ्या शेपटीची हरणं आज अडीच-तीन कोटींच्या घरात आहेत, त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. बिअरवरही केंद्रीय कर आहे, पण तो जातो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत. उलट छोट्या ब्रुअऱ्यांना २०१७मध्ये सवलत मिळाली, पहिल्या ६० हजार बॅरलांवर दर ७ डॉलरवरून साडेतीनवर आला, आणि २०२०मध्ये ती सवलत कायमची झाली. १९९०च्या दशकात तंबू, पाठपिशव्या, दुर्बिणी अशा सामानावर थोडा कर लावून तो वन्यजीवांना द्यावा अशी कल्पना पुढे आली होती. त्या धंद्यातल्यांनी विरोध केला आणि ती बारगळली. बिअरच्या डब्यावर हरीण छापणाऱ्यांकडून काही घ्यावं हे कोणी सुचवल्याचं तर माझ्या ऐकिवातही नाही. एखादी ब्रुअरी ‘आजच्या दर पाइंटमागे एक डॉलर’ देते तेव्हा टाळ्या पडतात. शिकारी दर काडतुसामागे देतो आणि त्याला टाळ्या नाहीत. पण उलटही म्हणता येईल, आणि मला ते नाकारता येत नाही. बंदुकीवरच्या या कराचा मोठा भाग आज नेमबाजीसाठी किंवा घरात ठेवायला बंदूक घेणारे भरतात, ज्यांनी रान पाहिलेलंही नाही. तेव्हा ‘रान आम्ही पोसतो’ ही शिकाऱ्यांची ऐटही दिसते तितकी भरभक्कम नाही.

इतकं सगळं असूनही शिकाऱ्यांनी त्या शिंगांच्या झुंबराखाली जाऊन बसावं असंच माझं मत आहे. कारण रोकडं आहे. चार-पाच टक्क्यांना एकट्याने काही राखता येत नाही. २०१७च्या सुरुवातीला युटाचे खासदार जेसन चॅफेट्झ यांनी पश्चिमेतली ३३ लाख एकर केंद्रीय जमीन विकायचं विधेयक आणलं. शिकारी आणि मासेमार इतके खवळले की काही दिवसांतच ते मागे घेतल्याचं चॅफेट्झ यांनी स्वतःचा शिकारी वेशातला, कुत्रा घेतलेला फोटो टाकून जाहीर केलं. २०२५च्या जूनमध्ये युटाचेच सिनेटर माइक ली यांनी वीस-तीस लाख एकरांचा तसाच प्रस्ताव अर्थसंकल्पी विधेयकात घुसवला आणि महिना संपायच्या आत त्यांनाही तो काढावा लागला. या दोन्ही वेळी गिर्यारोहक, सायकलवाले, पक्षी बघणारे आणि शिकारी एका बाजूला होते. हे लोक एरवी भेटतात कुठे? बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स ही २००४ साली सुरू झालेली संघटना सार्वजनिक जमिनीसाठी भांडते, आणि तिच्या गावोगावच्या शाखांची आवडती बैठक म्हणजे स्थानिक ब्रुअरीतली ‘पाइंट नाइट’. जिथे तिचं मुख्य ठाणं आहे त्या मिसूला शहरातच ‘मूस ड्रूल’, म्हणजे मूसची लाळ, अशा नावाची बिअर बनते. अशा बैठकीच्या टेबलावर एका बाजूला शिकारी आणि दुसऱ्या बाजूला शाकाहारी पर्वतारोहक बसू शकतात, आणि दोघांना एका नकाशावर बोट ठेवता येतं. जुन्या टॅव्हर्नमध्ये हे घडत नव्हतं. तिथे सगळे एकमेकांचे मेहुणे-साडूच असत.

मात्र ब्रुअरी एकदा बाजू घेऊ लागली की किंमत मोजावी लागते. मिनेसोटात डुलूथच्या बेंट पॅडल ब्रुअरीने, आपली बिअर तलावाच्या पाण्यावर बनते या कारणाने, तांबे-निकेलच्या खाणींविरुद्ध उभ्या राहिलेल्या व्यावसायिकांना साथ दिली. वरच्या बाजूच्या, खाणीवर जगणाऱ्या सिल्व्हर बे गावाने आपल्या नगरपालिकेच्या दारू दुकानातून तिची बिअर काढून टाकली. त्या गावातले कामगारही नोव्हेंबरात बंदूक घेऊन रानात जाणारेच. म्हणजे ‘शिकारी विरुद्ध शहरी’ असा सरळ सामना इथे नव्हताच. एकाच रानावर जगणाऱ्या दोन पोटांचा सामना होता. सिल्व्हर बेचा राग मला समजतो, पण ब्रुअरीबद्दल मला अधिक आदर वाटतो. जिने रानाचं नुसतं चित्र काढलं तिला कोणी दुकानातून काढत नाही.

दारू आणि बंदूक यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय सोडणं बेजबाबदारपणाचं होईल. शिकारीच्या छावणीतला झिंगलेला माणूस हा तिथल्या विनोदांचा ठरलेला नायक आहे. विस्कॉन्सिनमध्ये दारूच्या अमलाखाली बंदूक बाळगणं हा गुन्हा आहे, १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला परवान्यासाठी सहसा शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि जुने शिकारी पोरांना पहिला धडा देतात तो बंदूक पेटीत गेल्यानंतरच डबा उघडायचा. जर्मन शिकाऱ्यांत मेलेल्या जनावराच्या नावाने प्यायची रीतच आहे, पण शिकार आटोपल्यावर. जुन्या टॅव्हर्नमध्ये हा क्रम आपोआप सांभाळला जाई असा भाबडा दावा मी करणार नाही. तिथून रात्री पिकअप चालवत घरी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. तरी नोंदणीमुळे हरीण आधी आणि प्याला नंतर हे निदान ठरलेलं होतं. केशरी डब्यांची जाहिरात हा क्रम पुसते, आणि शिकारी संघटनांनी ब्रुअऱ्यांचे फलक आपल्या मेळाव्यांना लावताना याबद्दल गुळमुळीत राहू नये.

मग शिंगं टांगणाऱ्या बारमालकाकडून मागायचं काय? माझ्याकडे एक अगदी गद्य सूचना आहे. फेब्रुवारी २००२मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. मेंदू पोखरणारा, जनावर झिजवून मारणारा हा आजार तेव्हापासून राज्यात पसरतो आहे. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित भागातलं मांस तपासल्याशिवाय खाऊ नये, आणि तपासात आजार निघाला तर खाऊच नये, असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तपासणीसाठी वन्यजीव खात्याने चोवीस तास उघड्या पेट्या ठेवल्या आहेत. शिकाऱ्याने हरणाचं मुंडकं मानेच्या काही इंचांसकट कापायचं, पिशवीत घालायचं, फॉर्म भरायचा आणि पेटीत टाकायचं. शिंगं आधी करवतीने काढून घ्यायची मुभा आहे. ज्या ब्रुअरीला रान मिरवायचं आहे तिने नोव्हेंबरचे ते नऊ दिवस आपल्या पार्किंगमध्ये अशी पेटी मागवून घ्यावी, वर दिवा लावावा, फॉर्म लिहायला टेबल आणि हात धुवायला गरम पाणी ठेवावं. रविवारी दुपारी फ्लाइटच्या ट्रेमधून चार-चार नमुने चाखायला आलेल्या काही गिऱ्हाइकांची भूक मरेल, एखाददुसरा रागाने ऑनलाइन एक तारा देऊन जाईल. पण रक्ताळलेल्या बाहीने आत येणाऱ्या माणसाला त्या दारातून यायला पुन्हा एक काम मिळेल, आणि पेटीजवळ ‘आत काय आहे?’ म्हणून विचारणाऱ्या पोराला उत्तर द्यायला कोणीतरी उभं असेल.